डाएट तुमचं, परात आमची

सोमवारपासून खाण्यापिण्यात बदल करायचं ठरवलंत? अभिनंदन. आता सगळ्यात आधी हे बघा की तुमच्याशिवाय दुसरं कोण कोण बदलायला मोकळं आहे. बायको असेल तर उत्तम, आई असेल तर सोन्याहून पिवळं, आणि दोघी एकाच घरात असतील तर तुमचं वजन उतरलंच म्हणून समजा.

सुरुवात रिपोर्टपासून करा. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली तीनेक महिन्यांची सरासरी साखर, 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मधे आली की प्रीडायबेटिस, म्हणजे गोष्ट अजून हातात आहे असं डॉक्टर सांगतात. कोणाच्या हातात ते तुम्ही ठरवायचं. रिपोर्ट फ्रिजवर चिकटवून टाका, तुमचं काम झालं.

मग रील्स बघा. एखादं आवडलं की रात्री साडेदहाला, ओटा पुसून झाला की मगच, बायकोला फॉरवर्ड करायचं आणि खाली लिहायचं "उद्यापासून हे". चिया मेक्सिकोकडून आणि किनोआ पेरू-बोलिव्हियाकडून आलेला असल्यामुळे गुण येतोच. जवसाची चटणी बरणीत पडून आहे आणि ओमेगा थ्री त्यातही असतं, पण ती सासूबाईंनी कुटलेली, तिला कोण विचारतंय.

एकाच तज्ज्ञावर अवलंबून राहू नका. डॉ. दीक्षितांची दिवसाला दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, ती घ्या, ऋजुता दिवेकरांचं तूप घ्या, कीटोवाल्यांचं चीज घ्या. सोडायचं कोणी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही तरी चालेल.

व्यायामाचं नंतर बघू. बूट मात्र आत्ताच घ्या.

चहातली साखर सोडू नका, एवढ्याशाने काय होतंय. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, चमचा चार-पाच ग्रॅमचा. गुणाकार करू नका. दिवसाची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त बरं असं डब्ल्यूएचओ म्हणते, म्हणू दे. चहासोबत मल्टिग्रेन बिस्किट खा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, पण मागची बाजू वाचायची नसते, पुढे गव्हाच्या लोंबीचं चित्र आहे ना, बास.

आता भाकरी. हे जरा सविस्तर सांगते कारण यात तुम्हाला काहीच करायचं नाहीये. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच प्रस्तावावरून जाहीर केलेलं, आणि ते संपल्यावरही आमच्या घरात चालूच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मला पोळ्या लाटताना ऐकवलं जातं. ऐकवा की. पण नाचणीत ग्लुटेन नाही हेही त्याच रीलमध्ये होतं, त्याचा अर्थ काय होतो माहितीये? पीठ धरून राहत नाही. पाणी उकळा, उकड काढा, हाताला चटके खात मळा, थापायला घेतली की कडा फाटतात, ज्वारी करावी तर पीठ ताजं हवं, डब्यात राहिलं की विरी जाते, म्हणजे गिरणीत जा, गिरणी दुपारी बंद, संध्याकाळी लाइन, बरं पोळ्यांसारख्या सकाळी करून ठेवू म्हणावं तर नाही, भाकरी गरमच लागते साहेबांना, मग सगळे ताटावर बसलेले आणि एक बाई ओट्याशी, वरून पाणी फिरव, उलट, आचेवर फुगव, तोवर पुढची थाप, आणि बाहेरून आवाज येतो "अजून अर्धी चालेल". अर्धी चालेल म्हणे! अर्धी थापतात का कुठे? आणि मुलांना पोळ्याच हव्यात, त्या वेगळ्या, सासूबाईंना मऊ भात, तो वेगळा, आणि हे सगळं करून मला आठ बावीसची लोकल पकडायची असते ते कुठल्याच रीलमध्ये येत नाही.

असो. सल्ला चालू होता.

रात्री अकराला भूक लागली तर शेवेचा डबा उभ्याने खावा. ताटलीत घेतलं तर मोजलं जातं.

आणि शेवटचं, पाहुण्यांसमोर प्रांजळपणे सांगावं. परवा रविवारी काका-काकू आले होते. समोर तळलेली कोथिंबीर वडी, ताटलीत तिसरी वाढ, आणि तोंड वर करून "काय करणार काकू, मी खूप ट्राय करतोय, पण ही भाजीत तेल एवढं घालते ना." मी चहाचा ट्रे घेऊन दारात. काकू मला म्हणतात, "अगं, लक्ष दे गं जरा त्याच्या तब्येतीकडे."

लक्ष दे? कोणी? दुधी मी किसते, मूग मी भिजत घालते, नाचणीचं पीठ मी दळून आणते, याच्या गोळ्यांची वेळही मीच लक्षात ठेवते, आणि जिभेवर ताबा पण मीच ठेवायचा का? जीभ तुझी आहे ना? साखर तुझी वाढलीये ना? एक महिना नाचणी, मग "बोर झालं", मग नवं रील, असं करून कोणाच्या सवयी बदलत नसतात, नुसती फळीवर अर्धी पाकिटं साठतात. कमी खायचं तर ताटात कमी घे, कोणी आग्रह केला तर तोंडाने नाही म्हण, तेवढं येतं तुला, मी भाजी आणायला सांगितली की बरोबर जमतं. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळं हवीत असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. काकडी कोणी चिरायची ते त्यांनी लिहिलेलं नाही, मी लिहिते, तू चिरायचीस. भाकरी हवी तर परात खालच्या कप्प्यात आहे, पीठ डब्यात आहे, यूट्यूब तर तुझ्या हातातच आहे. आणि काकूंना फोन कर आज, मी समोर बसलेली असताना, आणि सांग त्यांना घरात तेल नक्की कोणाच्या पोटात जातंय ते.