मालक आला की क्लब तरतो म्हणे!

काल रात्री (जून 2025) जागून रासिंग दे सांतांदेरचा, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या विभागातल्या माझ्या क्लबचा, वर जाण्यासाठीचा प्लेऑफ सामना बघितला. मिरांदेसने 4-1 असं धुतलं. दोन सामन्यांतला पहिला घरच्या मैदानावर 3-3 झाला तेव्हाच पोटात गोळा आला होता, काल विषयच संपला. म्हणजे स्पेनच्या पहिल्या विभागात परत जाणं आणखी एक वर्ष पुढे. 2012 पासून हेच चाललंय, त्यामुळे हरल्याचं काही नाही, सवय आहे.

डोकं फिरलं ते सकाळी. शाळेच्या ग्रुपवर आमच्या एका मित्राने (नाव घेत नाही, तो इथे वाचतोय) लिहिलं, "कुठले भंगार क्लब बघतोस रे? यांना एखादा पैसेवाला मालक मिळाला पाहिजे, मग येतील वर." खाली अंगठ्यांची रांग. रेआल माद्रिदचा डीपी लावलेले दोघे आणि बार्साचा एक.

बाबांनो, तुमच्या माद्रिदला मालक आहे का? बार्साला आहे? ते क्लब सभासदांचे. अध्यक्ष निवडून येतो. 1990 च्या स्पॅनिश क्रीडा कायद्याने कर्जात बुडालेल्या व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हायला लावलं. त्यातून माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना असे चारच सुटले. बाकीच्यांचे शेअर निघाले. शेअर निघाले म्हणजे ते विकत घेता येतात, आणि विकत घेता येतात म्हणजे कोणीही येऊ शकतो. रासिंगकडे कोण आला माहितीये? आपलाच माणूस आला.

जानेवारी 2011. अहसान अली सय्यद, भारतीय उद्योजक, बहारीनमधल्या कंपनीचा. त्याआधी त्याची नजर इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सवर होती. तो क्लब नोव्हेंबर 2010 मध्ये आपल्या पुण्याच्या वेंकीजने घेतला. मग साहेब सांतांदेरला गेले. मोठमोठी आश्वासनं, सही करताना फोटो, स्टँडमध्ये जल्लोष. जुलै 2011 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, आणि पुढच्या मोसमाच्या शेवटी तक्त्यात सगळ्यात खाली. दहा वर्षं सलग ला लीगात, म्हणजे पहिल्या विभागात, असलेला क्लब खाली गेला, आणि लगेच 2013 मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या पातळीवर.

मला हे कुठल्या लेखातून कळलेलं नाही. नोकरीनिमित्त काही महिने सांतांदेरला होतो, क्लब तेव्हा तिसऱ्या पातळीवर कुजत होता. क्लबच्या सार्दिनेरो स्टेडियमच्या बाजूला एक साधा बार, रविवारी दुपारी तिथे सगळे रबास खायला येतात, म्हणजे तळलेल्या स्क्विडच्या चकत्या. बारवाले आजोबा सत्तरीच्या पुढचे. कुठून आलास, विचारलं. भारत म्हटलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, "अली?"

परदेशात लोक विचारतात ताजमहाल, योगा, तिखट. मला अली विचारलं. आता मी काय सांगणार होतो? मी पुण्याचा, तो आमच्यापैकी नाही असं? ते तरी कुठल्या तोंडाने!

हा क्लब भंगार म्हणणाऱ्यांनी जरा ऐकावं. 1913 चा क्लब आहे. 1929 मध्ये ला लीगा सुरू झाली तेव्हा पहिल्या दहात होता. 1930-31 च्या मोसमात अॅथलेटिक, रासिंग आणि रेआल सोसिएदाद तिघांचे सारखे 22 गुण झाले, विजेतेपद बिल्बाओला गेलं आणि रासिंग दुसरा. माद्रिदवाल्यांनो, तुमचा तो सहा युरोपियन कप जिंकलेला पाको खेंतो, तो आमच्याकडून 1953 मध्ये तुमच्याकडे आला. 2008 च्या डिसेंबरमध्ये यूएफा कपात, अरबांचा पैसा नुकताच आलेल्या मँचेस्टर सिटीला रासिंगने 3-1 हरवलं. सिटी पुढे कुठे गेली आणि आम्ही कुठे गेलो ते सोडा.

(हो, सिटीचं उदाहरण माझ्याच विरोधात जातं. पैशाने क्लब वर जातो. मान्य. पुढे चला.)

खरं सांगायचंय ते 30 जानेवारी 2014 चं. तिसऱ्या पातळीवरचा हा क्लब, कोपा देल रेच्या, म्हणजे स्पॅनिश कपच्या, उपांत्यपूर्व फेरीत पोचलेला. वाटेत सेव्हियाला बाहेर काढलं होतं, त्याच मोसमात युरोपा लीग जिंकलेल्या सेव्हियाला. खेळाडूंचे पगार महिनोन्‌महिने थकलेले. जगातली एक मोठी बँक ज्या गावाचं नाव लावते त्या गावातल्या खेळाडूंच्या खात्यात खडखडाट! खेळाडूंनी आधीच सांगून ठेवलं होतं की अध्यक्ष आन्खेल लाविन आणि संचालक मंडळ जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. समोर रेआल सोसिएदाद, पहिला सामना 3-1 हरलेला, म्हणजे आशा होती. शिट्टी वाजली. रासिंगचे अकराही जण मधल्या वर्तुळावर हातात हात अडकवून उभे राहिले, बाहेर प्रशिक्षक आणि राखीव खेळाडूही तसेच. रेफरीने कर्णधाराला विचारलं आणि सामना संपला. एक मिनिटसुद्धा धड झाला नाही. सोसिएदाद पुढच्या फेरीत, आणि रासिंगवर पुढच्या कोपाची बंदी.

दुसऱ्या दिवशी भागधारकांच्या सभेत लाविन गेले. क्लबचा जुना खेळाडू तुतो सान्युदो अध्यक्ष झाला. आणि त्याच मोसमाच्या शेवटी तीच बिनपगारी पोरं क्लबला दुसऱ्या विभागात घेऊन गेली.

आजोबा त्या रात्री स्टेडियममध्ये होते. सांगताना काउंटरवरच्या माचिसच्या काड्या मांडून दाखवत होते, कोण कुठे उभा होता. मी विचारलं, वाईट नाही वाटलं, उपांत्य फेरी घालवली? म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की क्लब आमचा आहे. असलं काही बोलल्यावर माणूस डोळे पुसतो, हे लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करायला गेले.

मग मी त्यांना ब्लॅकबर्नचं सांगितलं. माझ्या शहरातल्या कोंबडीवाल्या कंपनीने इंग्लंडचा 1995 चा विजेता क्लब घेतला, आणि 2012 मध्ये, तुम्ही खाली गेलात त्याच वर्षी, तोही खाली गेला. त्या शेवटच्या घरच्या सामन्यात चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. आजोबा इतके हसले की आतून बायकोला बोलावलं आणि मला परत सगळं सांगायला लावलं. (वेंकीजने इतकी वर्षं पैसे ओतलेत, पळून गेले नाहीत, एवढं मात्र म्हटलं पाहिजे.)

आणि मित्रांनो, हे पुण्यात बसून आपल्याला कळू नये? बालेवाडीला एफसी पुणे सिटी बघायला आपण सगळे गेलो होतो ना? 2019 मध्ये मालकांचं गणित जमलं नाही, टीम गेली, जागा हैदराबादला मिळाली. कोणी विचारलं तुम्हाला? मुंबईत महिंद्रा युनायटेड, राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम, 2010 मध्ये कंपनीने बंद केली. आपण काय केलं? दोन दिवस हळहळलो आणि परत माद्रिद-बार्सा. आपल्याकडे क्लब म्हणजे मालकाच्या घरचं लग्न, त्याने बोलावलं तर जेवायचं, नाहीतर घरी वरणभात.

सांतांदेरमध्ये क्लब बंद झाला नाही, कारण तो बंद होऊ द्यायला माणसं तयार नव्हती. 2015 मध्ये परत खाली. 2019 ला वर, 2020 ला शेवटच्या क्रमांकाने परत खाली. 2022 मध्ये गट जिंकून वर, तेव्हापासून 2025 पर्यंत दुसऱ्या विभागात टिकले. प्रशिक्षक होसे आल्बेर्तो आल्यापासून बघण्यासारखा खेळ आहे, इन्यिगो विसेंतेचे पास बघा एकदा. 2023-24 मध्ये सातवे, म्हणजे प्लेऑफच्या दारात थांबले. यंदा, 2024-25 ला, पहिल्या अर्ध्या मोसमात बराच काळ तक्त्यात सगळ्यांच्या वर होते. पहिले दोन थेट वर जातात, पुढचे चार प्लेऑफ खेळतात. घसरत घसरत पाचवे आले. मग मिरांदेस.

आता तुम्ही म्हणाल, आजचा मालकही पैसेवालाच आहे. आहे. सेबास्तियान सेरिया, जन्म अर्जेंटिनाचा. आणि त्याच्या काळात बरं चाललंय, हेही खरं. पण तो आला तेव्हा क्लब जिवंत होता. मालक येईपर्यंत जिवंत कोणी ठेवला, त्याबद्दल बोलतोय मी.

सकाळी चिडून लिहायला बसलो होतो, आता राग ओसरलाय. आजोबांनी निघताना पैसे घेतले नव्हते. "अलीच्या खात्यावर लिहितो," म्हणाले.

बाकी, मिरांदेसचं कौतुक करायला मन होत नाही, पण करावं लागेल. पस्तीसेक हजार वस्तीचं गाव, निम्मी टीम उसनवारीवर आणलेली, आणि आमच्या बचावफळीला दोन सामन्यांत सात गोल घातले. सात! पुढच्या मोसमात मालकाने एक तरी धड सेंटर-बॅक आणावा. हो, मालकानेच. ग्रुपवर याचा स्क्रीनशॉट टाकू नका.