तुर्नूतली एकादशी

आधी दर्शन, मग जेवण, हा मावशींचा नियम. मावशी म्हणजे बायकोच्या मावशी. मुक्काम सांगली, सध्या आमच्याबरोबर फ्रान्स. पंढरपूर ते रामेश्वर हा नियम कुठे अडला नव्हता, कारण आपल्याकडे रांगेत कितीही वेळ गेला तरी बाहेर आल्यावर कोणी ना कोणी भजी तळत उभा असतोच.

तुर्नू हे बर्गंडीतलं, सोन नदीच्या काठचं छोटं गाव. लियॉनहून उत्तरेला रेल्वेने तासाभरावर. आम्ही रविवारी बाराच्या आधी उतरलो. सेंट फिलिबेरच्या मठाचे मनोरे स्टेशनच्या आसपासूनच दिसत होते आणि गल्लीगल्लीतून लोण्यात काहीतरी परतल्याचा वास येत होता. बायको म्हणाली, "जेवून घेऊ या का?" मावशींनी नुसतं बघितलं. त्यांची एकादशी होती, त्यामुळे त्यांना घाई असायचं कारणच नव्हतं.

मठ मात्र बघण्यासारखा आहे, हे भुकेल्या माणसालाही कबूल करावं लागतं. आत शिरल्यावर समोर येतात ते फिकट गुलाबी दगडाचे जाडजूड, गोल, अगदी साधे खांब. खरी गंमत छतात आहे. एरवी अशा जुन्या चर्चमध्ये छताची कमान दारापासून वेदीपर्यंत सलग धावते. इथे ती तुकड्यातुकड्यांनी आडवी टाकलीय. शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटून धरतात, बाजूच्या भिंतींवरचा भार कमी होतो आणि वर खिडक्या ठेवता येतात. म्हणून आत भरपूर उजेड. हजारेक वर्षांपूर्वी कोणाला तरी ही युक्ती सुचली. पुढे कोणी फारशी उचलली नाही. चांगल्या कल्पनांचं असंच होतं, आमच्या सोसायटीतही.

हे सगळं उभं करणारे भिक्षू मूळचे इथले नव्हेतच. वायकिंगांच्या धास्तीने 836 मध्ये त्यांनी अटलांटिकमधल्या न्वारमुतिए बेटावरून आपल्या संताच्या, फिलिबेरच्या, अस्थी हलवल्या. मग एक गाव, दुसरं गाव, तिसरं गाव करत 875 मध्ये तुर्नूला येऊन टेकले. एकोणचाळीस वर्षं! आणि 937 मध्ये हंगेरियन टोळ्यांनी इथे येऊन जाळपोळ केली. मावशी हळहळल्या. "बिचाऱ्यांना जागा लाभलीच नाही हो." मी म्हटलं, मावशी, चला आता. पण तेवढ्यात त्यांना वेदीमागच्या फरशीत बाराव्या शतकातलं मोझेइक दिसलं, आणि त्यात राशी! त्यातल्या थोड्याच शाबूत आहेत. तरी मावशी आपली रास शोधत वाकल्या. माझ्या राशीला काय आलंय ते मला फरशीत न बघताही कळत होतं.

बाहेर आलो तेव्हा पावणेदोन झाले होते.

पहिल्या हॉटेलात लोक निवांत गोड खात बसले होते. वेटरने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग स्वयंपाकघराकडे, मग दोन्ही हात हवेत पसरले. दुसरीकडे तेच, फक्त हात न पसरता. बेकरी रविवारची सकाळ करून बंद. सुपरमार्केट बंद. एके ठिकाणी कॉफी मिळाली आणि तिच्याबरोबर नखाएवढं बिस्किट, त्याचे आम्ही दोघांनी वाटे केले. बायको दारावरची मेन्यूची पाटी वाचत राहिली: बेडकाच्या तंगड्या, गोगलगायी, ब्रेसची कोंबडी. म्हणजे उघडं असतं तरी आम्हा शाकाहाऱ्यांच्या ताटात सॅलडच आलं असतं, आणि त्यातही डुकराच्या चरबीचे तुकडे "फक्त चवीपुरते".

मठाचं जुनं भोजनगृह मात्र अजून उभं आहे. भलंमोठं, भक्कम, आणि त्यात खायला काही नाही. संत बेनेडिक्टने मठातल्या भिक्षूंसाठी घालून दिलेल्या नियमात जेवायला वारंवार उशिरा येणाऱ्या भिक्षूला शिक्षा सांगितलीय: एकट्याने बसून जेवायचं आणि वाइन मिळणार नाही. मी ही शिक्षा तिथल्या तिथे, सही करून घेतली असती. शिवाय त्याच नियमात हिवाळ्यातलं जेवण दिवसाच्या नवव्या तासाला आहे, म्हणजे साधारण दुपारी तीनला! सहाव्या शतकात जे जमत होतं ते आता जमत नाही.

शेवटी नदीकाठच्या बाकावर बसलो. ही सोन इतकी संथ, की पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते डोळ्यांना कळत नाही, असं खुद्द ज्युलियस सीझर लिहून गेलाय. सैन्य जेवलेलं असलं की सेनापतीला असली निरीक्षणं सुचतात.

मावशींनी पिशवी उघडली. साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण माझ्या डोळ्यांदेखत घडत होती.

"जावईबापू, तुमचा उपास आहे का?"

"आहे ना!"

"मग सकाळी क्रोसाँ खाल्लेत ते?"

"ते अजाणता."

मावशींनी थोडा विचार केला आणि अर्धा लाडू दिला. बायकोला अख्खा मिळाला, तिनेही सकाळी क्रोसाँ खाल्लेला असून. माहेरचा विठोबा वेगळा असतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरं सातला उघडणार होती आणि आमची गाडी साडेसहाची होती. फलाटावर मावशींनी पिशवीचा तळ चाचपून बघितला आणि जाहीर केलं, "संपलं. उद्या द्वादशी, उपास सोडायला गरम गरम, साग्रसंगीत जेवायचं. ते बारा वाजता उघडतात ना? आपण पाच मिनिटं आधीच दारात जाऊन उभं राहू. दर्शन मागाहून."

उद्या सोमवार होता, आणि सोमवारी इकडच्या बऱ्याच हॉटेलांना साप्ताहिक सुट्टी असते. हे सांगायला मी बायकोला पुढे केलं आणि सामान मोजायला लागलो.