तुमची मुलं हुशारच असतात ना!

लेक नववीत होता तेव्हाची गोष्ट. गणितात ‘सी’ आली म्हणून इथल्या अमेरिकन शाळेच्या काउन्सेलर बाईंनी बोलावलं. फाइल उघडून बाई हसत म्हणाल्या, "मला आधी वाटलं, मार्क चढवताना कुणाची तरी चूक झाली." कौतुकाने म्हणाल्या हो! पुढे जादा शिकवणीची यादी लागली, त्यात याचं नाव नव्हतं. विचारलं तर, "तुम्ही घरी बघालच ना?"

दुसऱ्या मुलाची ‘सी’ ही ‘सी’ असते. आमच्या पोराची ‘सी’ म्हणजे कारकुनी चूक.

न्यू जर्सीत बावीस वर्षं काढल्यावर मला ‘भारतीयांची मुलं हुशारच’ हा ‘चांगला’ शिक्का जास्त टोचतो. वाईट शिक्क्याशी भांडता तरी येतं. २०१९ मध्ये स्पेलिंग बीला, म्हणजे इथल्या मुलांच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेला, आठ संयुक्त विजेते होते, त्यातली सात मुलं भारतीय वंशाची. तेव्हापासून ऑफिसात कुणीही मला स्पेलिंग विचारतं. मला ‘रेस्टॉरंट’ अजून एका दमात लिहिता येत नाही!

आणि ही हुशारी आली कुठून? १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ‘तुम्ही गोरे नाही, तुम्हाला नागरिकत्व नाही’ असं सांगितलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, पण भारतासाठी कोटा वर्षाला शंभर माणसांचा. १९६५ च्या कायद्याने ते खरं उघडलं, तेही डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ असे पारखून घेत. पुढे कुशल नोकरदारांसाठीचा एच-वन-बी व्हिसा आला. म्हणजे आधी तांदूळ निवडून घ्यायचे आणि मग म्हणायचं, यांच्या तांदळात खडेच नसतात बाई.

हे कौतुक फुकटही नसतं. १९६६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात जपानी-अमेरिकनांच्या यशाचे गोडवे गाणारा लेख आला. त्याच लोकांना १९४२ मध्ये याच देशाने तारेच्या कुंपणात डांबलं होतं. आणि लेख आला कधी, तर कृष्णवर्णीय आपले हक्क मागत होते तेव्हा. लेकी बोले सुने लागे. आपण आजही पॉटलकला बसून "आपण कसं मेहनतीने वर आलो, त्यांना का नाही जमत?" म्हणतो, तेव्हा तीच री ओढतो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी भारतीयांना मारहाण करत होती. डॉट म्हणजे आपली टिकली. मारताना कुणी कुणाचे मार्क विचारले नव्हते.

असो. अमेरिकनांना किती नावं ठेवू? हा शिक्का आपण मंडळाच्या गणपतीत, पुऱ्या तळता तळता, एकमेकांच्या पोरांवर जास्त जोरात मारतो. "कुठे लागला?" या प्रश्नाला चार-पाचच कॉलेजं उत्तर म्हणून चालतात.

माझा लेक आता इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतोय. पाच वर्षांची आहे, शिकता शिकता पगार मिळतो, कर्ज नाही. सकाळी साडेपाचला डबा घेऊन निघतो आणि मजेत असतो. मी हे सगळं इतक्या तावातावाने लिहितेय खरी, पण गेल्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "काय करतो हल्ली?" तर मी पटकन म्हणाले, "इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या लाइनीत आहे."

तो मागेच उभा होता, आरतीचं ताट घेऊन.