पेन्शनला रेवडी म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागच्या आठवड्यात पेन्शनवरून वाद झाला. ईपीएस-९५ वाले, म्हणजे खासगी नोकरीतून निवृत्त झालेले पीएफच्या योजनेचे पेन्शनर, किमान पेन्शन महिन्याला साडेसात हजार करा म्हणून मागतायत, त्यावर माझ्या भाच्यानं लिहिलं, "किती रेवड्या वाटायच्या? तरुणपणी साठवलं नाही तर आता मुलांनी बघावं, परदेशात लोक आपापलं बघतातच ना, मावशीला विचारा." तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

मावशी म्हणजे मी, इथे इंग्लंडात लेस्टरला आहे, आणि मावशीचं सगळं तिनं एकटीनं बघितलेलं नाही रे बाळा. इथे पूर्ण स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, २०२५-२६ ला आठवड्याला २३०.२५ पौंड होती, आणि ट्रिपल लॉकमुळे, म्हणजे महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतलं जे जास्त त्यानुसार, दर एप्रिलला वाढतेच. २०२४ ला सरकारनं बहुतेक म्हाताऱ्यांचे विंटर फ्युएलचे, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारे, पैसे बंद केले तर केवढा गदारोळ झाला, पुढच्याच वर्षी बहुतेकांना परत द्यावे लागले. कुणी त्यांना फुकटे म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि आपल्याकडे? किमान हजार रुपये, सप्टेंबर २०१४ पासून तेच. दादानं साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्याला महिन्याला दोन हजाराच्या आत मिळतात. ही रेवडी कशी? पीएफमधला मालकाचा हिस्सा असतो ना, त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के याच पेन्शनला जायचे, म्हणजे दादाच्याच घामाचे. पण पगार कितीही असो, हिशोबाला मर्यादा आधी ६५०० ची, नंतर १५००० ची, त्याला १९९५ नंतरच्या नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नी भागायचं. करून बघ एकदा मोबाईलवर, मग बोल. दादाच्या बीपीच्या गोळ्यांतच निम्मे जातात आणि मुलाकडे मागायला तो लाजतो.

माझंही सगळं भरभरून चाललंय असं नाही. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी इथे आले, पूर्ण पेन्शनसाठी लागणाऱ्या ३५ ऐवजी २२ वर्षंच पगारातून हप्ते भरले, म्हणून पेन्शन त्याच दराने आठवड्याला १४४ पौंडाच्या आसपास बसते, वरचं पेन्शन क्रेडिटमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं त्या मदतीतून येतं. हिवाळ्यात स्मार्ट मीटरचा आकडा बघितला की हीटिंग बंद करते आणि साडेनऊला म्हाताऱ्यांचा फुकट बस पास चालू झाला की तो घेऊन लायब्ररीत जाऊन बसते. भाजी आणायची ती संध्याकाळी, किंमत उतरल्याची पिवळी स्टिकरं लागल्यावर. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही, तिकडे माझे फोटो फक्त दिवाळीचे जातात.

दादा दर वेळी फोनवर म्हणतो, "ये की आता परत, वरची खोली रिकामीच आहे." परत गेले तर पेन्शन क्रेडिट बंद आणि पेन्शन त्याच आकड्यावर गोठते, भारतात राहणाऱ्यांना वार्षिक वाढ देत नाहीत. अमेरिकेत राहायला गेले तर देतात. म्हणजे बावीस वर्षं इथे भरून मी म्हातारपणी माझ्याच घरी गेले तर दादासारखीच अडकणार, वर्षानुवर्षं एकच आकडा. हा हिशोब मी दोन वर्षांपूर्वी कागदावर मांडून बघितला होता. दादाला मात्र अजून थंडी संपली की येते असंच सांगते.