साडेतीन मिनिटांचा नियम आणि मोरीत येणारी भोवळ

रात्री लघवीला उठताना साडेतीन मिनिटं घ्या, हा मेसेज ग्रुपवर पुन्हा फिरतोय. अर्धा मिनिट पडून राहा, अर्धा मिनिट बसा, अडीच मिनिटं पाय खाली सोडा. नाहीतर म्हणे मेंदूला रक्त कमी पडून हृदय बंद पडतं आणि ठणठणीत माणूसही जातो. सावकाश उठा, एवढं बरोबर. बाकीचं बघू.

‘झटक्यात उठलं की हृदय बंद पडतं.’ उभं राहिल्यावर अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं खरं. पण निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात आणि काही सेकंदांत गाडं रुळावर येतं. ज्याचं येत नाही त्याला घेरी येते, आडवा पडला की बहुधा लगेच शुद्धीवरही येतो. खरी भीती ओल्या फरशीची आणि डोक्यात बसणाऱ्या कमोडच्या कडेची.

‘ईसीजी बदलतो.’ ठोके वाढले की ईसीजीत दिसणारच. तो आजार नव्हे.

‘साडेतीन मिनिटं थांबलात की सुटलात.’ इथे मेसेज सपशेल घसरतो. कितीतरी जण नीट चालत मोरीपर्यंत जातात आणि लघवी करताना किंवा संपता संपता कोसळतात. तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब चढलेला असतो. ते रिकामं होताना तो उतरतो, मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमुळे ठोकेही मंदावतात. त्यात पुरुष उभे, अंथरुणाच्या उबेने रक्तवाहिन्या सैल, प्रोस्टेट वाढलं असेल तर कुंथणंही आलंच. रात्री दारू झाली असेल तर धडधाकट तरुणही पडतो. टॅम्सुलोसिनसारखी प्रोस्टेटची गोळी, बीपीची गोळी, जुना मधुमेह हेही हातभार लावतात. घड्याळ यात काय करणार? त्यापेक्षा पुरुषांनीही रात्री बसून लघवी करावी (यात कसला कमीपणा, कोण जाणे), दिवा लावावा, आतून कडी घालू नये.

आणि तरीही चक्कर आली तर? मेसेज गप्प. डॉक्टर आडवं झोपवून बीपी घेतात, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर एक कारण हाती लागतं. चालू गोळ्या सोबत न्या, पण परस्पर बंद करू नका. दर वेळी लघवी करताना डोकं ठणकून घाम फुटत असेल, तर मूत्राशयातली एक दुर्मीळ गाठही तपासावी लागते. छातीत दुखून, धडधडून किंवा काही कळायच्या आत पडलात, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.