मामाचं नाक, भेटकलम आणि तो फॉरवर्ड

गेल्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला, तुमच्याकडेपण आला असेल, बरेच दिवस फिरतोय. चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीबद्दल. थोडक्यात म्हणणं असं की लावतात ती कातडी मेलेल्या माणसाची असते आणि शरीर ती टाकून देतं, मांडीची पातळ कातडी चिकटवली की काम होतं पण डॉक्टर मुद्दाम कपाळ कापतात, सुश्रुताने हेच एका बैठकीत केलं आणि हे तीनदा बोलावून बिल फुगवतात, कातडी काळी दिसली की समजा सडली, लगेच हळद-खोबरेल लावा, मासे आणि आंबट बंद नाहीतर पू धरतो, आणि साठीनंतर हे ऑपरेशन लागतच नाही.

एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण आमचा डिचोलीचा मामा आत्ता या घडीला कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा देठ घेऊन घरात बसलाय आणि रात्री साडेदहाला मामीचा फोन, "अरे, मांडीची लावून भागत होतं तर यांचं कपाळ कशाला फाडलं रे?" म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण मामाबरोबर प्रत्येक ड्रेसिंगला मीच जातो आणि प्रश्न विचारून त्या लोकांचं डोकं खातो.

आधी ते मेलेल्या माणसाचं. मोठ्या भाजण्यात स्किन बँकेतली दान केलेली कातडी वापरतात हे खरं, आणि शरीर ती काही आठवड्यांत टाकतं हेही खरं, पण ती तिथे तात्पुरतं पांघरूण म्हणूनच घातलेली असते. नाक, गाल, पापणी करायला घेतात ती पेशंटची स्वतःची कातडी. स्वतःची कातडी शरीर परकी म्हणून टाकत नाही. ग्राफ्ट (म्हणजे सुटी काढून लावलेली कातडी) फसतो तो खाली रक्त साचलं, इन्फेक्शन झालं किंवा कातडी जागची सरकली म्हणून. त्यासाठीच वर कापसाचा बोळा टाक्यांनी दाबून बांधतात आणि पाच-सात दिवस हलवत नाहीत. (आणि प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक घालत नाहीत हो! तो शब्द ग्रीक, घडवणे या अर्थाचा. आमच्या शेजारच्या काकांना अजून पटलेलं नाही.)

आता मांडीचं. इथे सगळा घोळ आहे, कारण फॉरवर्डवाल्याने ग्राफ्ट आणि फ्लॅप एकच धरलेत. ज्याच्या घरी मानकुराद आंब्याची कलमं आहेत त्याला हे दोन मिनिटांत कळेल. कोयकलमात काडी झाडापासून पूर्ण तोडून आणतो आणि रोपावर बांधतो, काडीकडे स्वतःचं काही नसतं, रोपाने रस दिला तर जगली. ग्राफ्ट तसा. मांडीवरून नाहीतर कानामागून कातडी सुटी काढून जखमेवर ठेवली, पहिले एक-दोन दिवस ती खालचा पाझर शोषून तग धरते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्यांशी तिच्या वाहिन्या जुळतात आणि आठवडाभरात रक्त नीट सुरू होतं. म्हणजे खालची जमीन ओली पाहिजे. उघड्या हाडावर किंवा वरचं आवरण गेलेल्या कूर्चेवर (नाका-कानातलं मऊ हाड) ग्राफ्ट धरत नाही, कातळावर रोप लावण्यातला प्रकार.

आणि भेटकलमात काय करतो? रोपाची कुंडी मोठ्या झाडाजवळ नेऊन फांदीला बांधतो, फांदी आपल्या आईचाच रस पीत राहते आणि दोन-अडीच महिन्यांनी सांधा जुळला की मग तिला आईपासून कापतो. हा फ्लॅप. मामाच्या नाकाच्या शेंड्यावर वर्षानुवर्षं न भरणारा फोड होता, काजूच्या बागेत उन्हात जन्म गेला, शेवटी तपासलं तर बेसल सेल नावाचा कातडीचा कॅन्सर. हा सहसा दुसरीकडे पसरत नाही पण जागेवर कुरतडत जातो. तो काढल्यावर खाली कूर्चा उघडी पडली, म्हणून भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर कपाळात जाणारी जी रक्तवाहिनी आहे तिच्यासकट कपाळाची पट्टी उचलून, फिरवून नाकावर शिवली. रक्त वरून येतंय तोवर खालचा सांधा जुळतो.

ग्राफ्ट वाईट असं नाही हं, लहान उथळ जखमेला तो मस्त चालतो. पण मांडीची पातळ कातडी चेहऱ्यावर ठिगळासारखी दिसते, रंग जमत नाही, आणि पातळ ग्राफ्ट नंतर आकसतो. खालच्या पापणीला असा आकसला तर पापणी बाहेर ओढली जाऊन डोळा मिटत नाही, नाकपुडीला आकसला तर नाकपुडी वर चढते. म्हणून चेहऱ्याला ग्राफ्ट करायचा तर बहुतेक वेळा पूर्ण जाडीचा घेतात, कानामागचा, कानापुढचा किंवा गळपट्टीच्या हाडावरचा.

सुश्रुताचं वाचून तर मला हसूच आलं, कारण अभिमान बाळगायचा तर नीट बाळगा की. सुश्रुतसंहितेत नाकासाठी कातडी सांगितलीय ती गालाची, नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, तेवढी कातडी गालावरून सोडवायची, ती गालाला जोडलेलीच ठेवायची आणि नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून एरंडाच्या नळ्या घालायच्या. कपाळाची कातडी जगाला कळली ती पुण्याजवळून. कावसजी नावाचा मराठा गडी, इंग्रजांच्या फौजेत बैलं हाकायचा, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याचं नाक केलं. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी दोन डोळ्यांच्या मध्ये देठ ठेवून खाली वळवली. शिवण नाही, वर काथाचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या आणि चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ ला हे छापून आलं आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसं नाक करून दाखवलं.

आता त्याच वृत्तांतात लिहिलंय की तो देठ साधारण पंचविसाव्या दिवशी कापायचे. पंचविसाव्या! मामाचा तीन आठवड्यांनी कापणार आहेत. म्हणजे काथ लावून नाक करणाऱ्या त्या माणसालापण दुसऱ्यांदा बोलवावं लागत होतं, कोणाचं बिल फुगवायला? घाईने कापला तर नाकाला रक्त कोण देणार? तिसऱ्या टप्प्यात, गरज पडली तर, जाड दिसणारा भाग पातळ करतात.

काळं पडण्याचं जरा सीरियसली वाचा. ग्राफ्ट पहिल्यांदा फिका, मग निळसर, मग गुलाबी असा रंग बदलतो, कधी वरची साल काळी होऊन निघते आणि खालचा थर जिवंत असतो. हे सडणं नव्हे. पण फ्लॅप जांभळा-काळसर होऊन फुगायला लागला तर रक्त आत येतंय आणि बाहेर जात नाहीये, तेव्हा हळद शोधत बसायचं नाही, गाडी काढायची, रात्रीचे दोन वाजले तरी. अशा वेळी कधीकधी चक्क जळवा लावतात, मोठ्या आधुनिक हॉस्पिटलात, साचलेलं रक्त ओढून घ्यायला. तो काही घरी करायचा प्रयोग नाही, आणि तेल-हळदपण नाही.

साठीचं एका वाक्यात, म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते त्यामुळे आजूबाजूची सरकवून घ्यायला उलट सोपी जाते, प्रश्न असतो शुगरचा आणि हृदयाचा.

राहिले मासे. गोव्यात राहून हा मुद्दा कोणी पुढे पाठवतो हेच मला झेपत नाही. जखम भरायला प्रोटीन लागतं आणि आमच्या घरात ते सोमवारचा शिवराक (शाकाहारी जेवण) सोडला तर बांगड्यातूनच येतं. एखाद्याला माशाची ॲलर्जी असेल तर वेगळी गोष्ट. सोलकढीने पू होत नाही. होतो घात तो तंबाखूने, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या देठातून जाणारं रक्तच कमी होतं, ग्राफ्टचंही तेच. मामाने विडी बंद केलीय असं तो सांगतो, मामी त्याचे खिसे तपासते.

सध्या त्याची तक्रार वेगळीच आहे. नाकावर माशी बसली की त्याला कपाळावर बसल्यासारखं वाटतं आणि तो कपाळ झटकतो, कारण देठाबरोबर तिथल्या नसापण खाली आल्यात. नातवंडं मुद्दाम नाकाला पीस लावून बघतात. बुधवारी देठ कापायचाय. मामीला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे बुधवारी रात्री माशाचं हुमण केलं तर चालेल ना?"