धबधब्याचा सूड

१९९६ च्या दिवाळीत आमच्याकडे जो व्हिडिओ गेम आला, त्याला दोन रिमोट होते. एक दादाचा आणि दुसरा 'दुसरा'. दुसऱ्याला स्टार्टचं बटणच नव्हतं. गेम सुरू करणं, मध्येच थांबवणं, मी पाणी प्यायला उठलो की परत पहिल्यापासून लावणं, हे सगळे अधिकार कंपनीनंच दादाला बहाल केलेले.

त्यात काँट्रा या गोळीबाराच्या गेमची तिसरी स्टेज धबधब्याची. उड्या मारत वर चढायचं. पुढचा जितका वर जाईल तितका पडदा वर सरकतो आणि खालच्या कडेला जो उरतो तो मरतो. गोळी लागायचीही गरज नाही, भावाला घाई असली की पुरे. तीस लाइफचा कोड मारूनही मी तिथं निम्मी घालवत असे.

यंदा गणपतीत दादा येणार होता. मी माळ्यावरचा लॅपटॉप काढला. या वेळी पहिला खेळाडू मी.

लॅपटॉपचा घड्याळाचा सेल संपलेला. त्यामुळे चालू केला की दर वेळी १ जानेवारी २००९. ब्राउझर एकही साइट उघडेना, कारण त्याच्या हिशेबानं सगळ्या साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अजून निघायचीच होती. तारीख हातानं बदलायची, मग जग सुरू. मूळ विंडोज रांगत होतं म्हणून त्याऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं. त्यात वाय-फाय दिसेना. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा होता, म्हणजे विहिरीत पडलेला पोहरा काढायला तोच पोहरा आणा. शेवटी मोबाइल वायरनं जोडला. हे दोन रविवार.

तिसऱ्या रविवारी रेट्रोआर्क बसवलं, म्हणजे जुने व्हिडिओ गेम लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर. (गेम कुठून आणला ते विचारू नका. आमची 'नऊशे नव्व्याण्णव इन वन' कॅसेटही काही काँट्रावाल्या कोनामी कंपनीच्या आशीर्वादानं निघाली नव्हती.) फाइल १२८ केबीची. लॅपटॉपची रॅम २ जीबी, म्हणजे सोळा हजार काँट्रा थप्पीला लावता येतील. पण एक लावला तर आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा. ऑडिओ लेटन्सी, म्हणजे आवाजाला दिलेली उशिराची मुभा, ६४ वरून १२८ मिलिसेकंद केली, तेव्हा तडतड थांबली. मात्र आता शत्रू आधी मरायचा आणि गोळी मागून वाजायची. मला चाललं.

"दोन यूएसबी रिमोट मागवू?" असं मी हळूच विचारलं. "त्या डबड्यावर आता एक रुपया नाही," बायको म्हणाली. म्हणून एकाच कीबोर्डवर दोघं. मला बाण आणि एन्टर, म्हणजे स्टार्ट. दादाला डब्ल्यू, ए, एस, डी. त्याच्या उडीला मी एच दिलं होतं. रेट्रोआर्कमध्ये एच म्हणजे रीसेट, गेम परत पहिल्यापासून, हे त्याच्या पहिल्याच उडीला कळलं. ते बदललं.

गौरी जेवल्या त्या दुपारी आम्ही बसलो. तीस लाइफचा तोच कोड: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. बोटांना सगळं पाठ. पहिल्या दोन स्टेज मी पुढे होतो, खरंच होतो.

मग धबधबा आला, आणि माझी उडी लागेना.

नंतर वाचलं की साध्या कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. काही ठरावीक तीन-चार एकदम दाबली की कुठलं खरं आणि कुठलं भास हे त्याला कळत नाही, मग तो शेवटचं सोडून देतो. दादा खेळताना हाताला लागेल ते सगळं दाबून ठेवतो. तेव्हाही ठेवायचा. तेव्हा रिमोट निदान वेगळे होते.

"अरे, उडी मार ना!"

"मारतोय!"

सोळावं लाइफ गेलं तेव्हा मी बहुतेक जरा मोठ्यानं ओरडलो. आतून आईचा आवाज आला, "त्यालाही खेळू दे रे!"

"खेळतोय की तो," पडद्यावरची नजर न काढता दादा म्हणाला.

मी एन्टर दाबला. इतक्या वर्षांनी स्टार्ट माझ्याकडे होतं. पण दादाची तीन बटणं दाबलेली होती, त्यामुळे तेही लागलं नाही.